प्लुरसीचं कोडिंग आणि केसपेपर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात फोंड्याजवळच्या एका खासगी इस्पितळात रेकॉर्ड विभागात नऊ वर्षं काढली. आता घरी बसून अमेरिकेतल्या फायली कोड करतो, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला आयसीडी-१० या रोगांच्या वर्गीकरणातला क्रमांक लावतो. नव्या मुलांचे, सिस्टरांचे, कधी हाउसमनचे आणि बऱ्याचदा रुग्णांच्या घरच्यांचेही प्रश्न येत असतात. प्लुरसीवर तर इतके आले की एकदाच बसून लिहिलं. कोड देवनागरीत लिहिले आहेत. सॉफ्टवेअरमध्ये टाकताना जे, आर, ए ही रोमन अक्षरं समजून टाका.

प्लुरसी म्हणजे नक्की काय? आणि कोडरला ते कळून काय करायचंय?

फुफ्फुसावर दोन पदरी आवरण असतं. एक पदर फुफ्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांना आतून. मध्ये चमचा-दोन चमचे पाणी, वंगणापुरतं. आवरणाला सूज आली की पदर एकमेकांवर घासतात, आणि माणूस म्हणतो, ‘श्वास आत घेतला की कुशीत सुरी खुपसल्यासारखं होतं.’ डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात तेव्हा कोऱ्या कोल्हापुरी चपलेसारखी करकर ऐकू येते. त्याला रब म्हणतात. ही झाली कोरडी प्लुरसी.

दुखणं येतं ते बाहेरच्या पदरातून. आतल्या पदराला दुखण्याच्या नसाच नाहीत. पुढे दोन पदरांमध्ये पाणी साचलं की ते एकमेकांपासून दूर होतात, घासणं थांबतं, करकर जाते आणि दुखणं कमी होतं. रुग्ण म्हणतो बरं वाटतंय, पण धाप वाढलेली असते. तिसऱ्या दिवशीच्या नोंदीत ‘पेन रिड्यूस्ड’ दिसलं म्हणून रुग्ण सुधारला असं वाचू नका. खालच्या ओळीत ऑक्सिजन किती लिहिलाय ते बघा. हे कळायला हवं, कारण कोरडी प्लुरसी आणि पाणी झालेली प्लुरसी यांचे कोड वेगळे आहेत. नुसते वेगळे नाहीत, पुस्तकातल्या वेगळ्या प्रकरणांतले आहेत.

केसपेपरवर नुसतं ‘प्लुरसी’ लिहिलंय. कोणता कोड लावू?

आर ०९.१. हा कोड आयसीडी-१० च्या अठराव्या प्रकरणात आहे, म्हणजे लक्षणं आणि खुणा यांच्या प्रकरणात. श्वसनाच्या रोगांच्या दहाव्या प्रकरणात तो नाही. याचा अर्थ पुस्तक सांगतंय की नुसती प्लुरसी हे निदान नाही, ती कशाची तरी खूण आहे. ओपीडीत ठीक आहे. ताप-सर्दीनंतर कूस दुखली, एक्स-रे स्वच्छ, चार गोळ्या देऊन घरी पाठवलं, तर आर ०९.१ चालून जातो.

पण वॉर्डात पाच दिवस ठेवलेल्या रुग्णाच्या मुख्य निदानात हा कोड दिसला तर फाईल पुन्हा उघडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमपुस्तकातच म्हटलंय की दाखल रुग्णाचं मुख्य निदान लक्षणांच्या प्रकरणात टाकताना कोडरने जपून राहावं. पाच दिवसांत एक्स-रे, सोनोग्राफी, रक्त, कदाचित टॅप (सुईने पाणी काढणं), एवढं सगळं झालं आणि शेवटी उरली नुसती प्लुरसी? होतं असं कधी कधी. बहुतेक वेळा मात्र निदान झालेलं असतं, लिहायचं राहिलेलं असतं.

‘प्लुरिटिक चेस्ट पेन’ आणि ‘प्लुरसी’ एकच ना?

नाही. पहिलं दुखण्याचं वर्णन आहे, दुसरं सूज असल्याचं विधान. श्वासाबरोबर छाती दुखणे याला आर ०७.१ आहे. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तरी दुखणं अगदी असंच असतं. विशेषणावरून रोग बनवू नका.

‘छातीत पाणी झालंय’ म्हणजे जे ९० च ना?

याच प्रश्नावर सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर. जे ९० चं पूर्ण नाव आहे ‘प्लुरल इफ्यूजन, इतरत्र वर्गीकृत नसलेलं’. शेवटचे तीन शब्द कोणी वाचत नाही. जे ९० म्हणजे आपल्याकडची ‘इतर’ अशी चिठ्ठी लावलेली फाईल, दुसरीकडे जागा नसेल तरच तिथे टाकायचं.

पाणी क्षयाचं असेल तर ते क्षयाच्या कोडात जातं. पू असेल तर एम्पायमा, जे ८६: फिस्टुला (पोकळीतून पडलेली वाट) असेल तर जे ८६.०, नसेल तर जे ८६.९. दुधाळ लिम्फ असेल तर जे ९४.०. रक्त असेल तर जे ९४.२, पण ते रक्त अपघाताचं असेल तर दुखापतीच्या प्रकरणात एस २७.१. आपल्याकडे दुचाकीचे अपघात काय कमी आहेत? बरगड्या मोडून आलेल्या रुग्णाच्या ‘हिमोथोरॅक्स’ला जे ९४.२ लावलेला मी कितीदा पाहिलाय. कॅन्सरचं पाणी असेल तर जागतिक आयसीडी-१० मध्ये ते आवरणावर पसरलेल्या कॅन्सरच्या कोडात, सी ७८.२ मध्ये, जातं. अमेरिकन आवृत्तीत त्याला जे ९१.० असा स्वतंत्र कोड आहे, आणि त्याच्या आधी मूळ कॅन्सरचा कोड लावावाच लागतो.

हे सगळं वगळून जे उरलं ते जे ९०. म्हणजे ‘प्लुरसी विथ इफ्यूजन’ एवढंच लिहिलं असेल तर जे ९० बरोबर आहे. आणि तो लावला की आर ०९.१ बरोबर जोडायचा नाही.

‘पीई’ हे संक्षिप्त रूप चालतं का?

माझ्या मते यावर इस्पितळात बंदीच हवी. पीई म्हणजे प्लुरल इफ्यूजन, पीई म्हणजे पल्मनरी एम्बोलिझम (फुफ्फुसातली गुठळी), पीई म्हणजे पेरिकार्डियल इफ्यूजन (हृदयाभोवतीचं पाणी), आणि काही डॉक्टर ‘फिजिकल एक्झामिनेशन’ म्हणून तपासणीच्या परिच्छेदावरही पीई लिहितात. नोकरीच्या पहिल्या वर्षी ‘आरटी पीई’ वाचून मी एम्बोलिझमचा कोड लावला होता. उजव्या बाजूला पाणी होतं, गुठळी-बिठळी काही नव्हती. विमा कंपनीने विचारलं, एम्बोलिझमच्या रुग्णाला रक्त पातळ करायचं एकही इंजेक्शन कसं नाही? चूक माझीच होती. औषधांचा तक्ता समोर होता, तो मी उलटून पाहिला नाही. तेव्हापासून निदान आणि औषध एकमेकांना ओळखतात का, हे आधी बघतो आणि मगच कोड लावतो.

क्षयाच्या पाण्याला कोड कोणता? ए १५.६ की ए १६.५?

आपल्याकडे दीड-दोन आठवड्यांचा ताप, एका बाजूला पाणी आणि तरुण रुग्ण असं चित्र असलं की डॉक्टरांच्या मनात पहिला क्षय येतो. म्हणून इथे थोडं थांबू.

जागतिक आयसीडी-१० मध्ये दोन खण आहेत. जंतू सापडला किंवा बायोप्सीत क्षयाची गाठ दिसली, म्हणजे प्रयोगशाळेचा पुरावा आहे, तर ए १५.६. पुराव्याचा उल्लेखच नाही, डॉक्टरांनी लक्षणं आणि पाण्याचा रिपोर्ट बघून ठरवलं, तर ए १६.५. आवरणाच्या क्षयात पाण्यात जंतू फार थोडे असतात. स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) बहुतेकदा निगेटिव्ह येतो, सीबीनॅट ही जनुकीय चाचणीही निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून डॉक्टर पाण्यातलं एडीए हे एन्झाइम बघतात. ४० च्या वर आणि पाण्यातल्या पेशींत लिम्फोसाइट जास्त, तर आपल्यासारख्या देशात क्षयाकडे झुकतात. पण एडीए हा जंतू सापडल्याचा पुरावा नव्हे. एडीए ७० असला तरी कोड ए १६.५ च, आणि तोही डॉक्टरांनी क्षय असं लिहिलं असेल तरच. रिपोर्टवरचा आकडा बघून आपण कोड लावायचा नाही. एकेटी (क्षयाच्या गोळ्या) सुरू केली, एवढ्यावरही लावायचा नाही. गोळी हे निदान नव्हे, डॉक्टरांना विचारायचं.

अमेरिकन फायली करणाऱ्यांनो, तुमच्या पुस्तकात ए १६ हा गटच नाही. तिथे दोन्ही प्रकार ए १५.६ मध्ये. इकडून तिकडे गेलेले लोक ए १६.५ टाकतात आणि सॉफ्टवेअर लाल होतं.

निक्षयवर (क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर) तो ‘फुफ्फुसाबाहेरचा क्षय’ नोंदवलाय आणि कोड मात्र श्वसनसंस्थेच्या क्षयाचा. यातलं चूक कोण?

कोणीच नाही. हा प्रश्न म्हापशाच्या एका मुलीने विचारला होता आणि मला फार आवडला. आयसीडी अवयवसंस्थेप्रमाणे विभागतं. आवरण श्वसनसंस्थेत येतं, म्हणून ए १५-ए १६. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम बघतो की फुफ्फुसाच्या मांसात रोग आहे का, कारण खोकून पसरवणारा रुग्ण तोच. फुफ्फुस स्वच्छ आणि नुसतं आवरणात पाणी असेल तर कार्यक्रमाच्या लेखी तो फुफ्फुसाबाहेरचा. एकाच रुग्णाच्या दोन कागदांवर दोन शब्द असणार, त्यांची जबरदस्तीने सांगड घालू नका.

दुसरा फरक याहून फसवा. बायोप्सीत क्षयाची गाठ दिसली पण जंतू सापडला नाही, तर आयसीडीच्या हिशेबाने पुरावा आहे, म्हणून ए १५.६. निक्षयवर मात्र ‘सूक्ष्मजीवशास्त्रीय खात्री’ म्हणजे स्मिअर, कल्चर किंवा जनुकीय चाचणी. बायोप्सी त्यात धरत नाहीत, म्हणून रुग्ण ‘क्लिनिकली डायग्नोज्ड’ होतो. पडताळणीला आलेला माणूस हे बघून भांबावतो. फाईलच्या मार्जिनमध्ये एक ओळ लिहून ठेवा, पुढचा अर्धा तास वाचतो.

क्षयाची नोंद खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे. २०१८ च्या राजपत्रानंतर ती न करणं हा गुन्हा ठरू शकतो. निक्षय क्रमांक डिस्चार्ज पेपरवर ठळक लिहा. दोडामार्ग-सावंतवाडीहून बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला येणारे रुग्ण पुष्कळ. निदान गोव्यात, गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रात. क्रमांक नसला तर तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात आणि पोषणाचे पैसेही अडकतात.

‘ओल्ड कॉक्स’ लिहिलं असेल तर?

आपल्या डॉक्टरांचा लाडका शब्द. कॉक्स म्हणजे क्षय. त्याच्या जुन्या खुणांमुळे आज त्रास आहे का, हे बघायचं. आवरण जाड झालंय, त्यामुळे धाप लागते, तर आजची स्थिती जे ९२.९ आणि बरोबर क्षयाच्या उत्तरपरिणामाचा बी ९०.९. त्रास काही नाही, नुसता इतिहास, तर झेड ८६.१. सध्या चालू असलेल्या क्षयाचा कोड कोणत्याही परिस्थितीत नाही. पंधरा वर्षांपूर्वी बरा झालेला माणूस कागदावर पुन्हा क्षयरोगी झाला, तर उद्या विमा घेताना त्याचं तोंड कडू होतं.

डॉक्टर ‘सस्पेक्टेड’, ‘प्रोबेबल’, ‘?’ असं लिहितात. ते कोड करायचं?

कोणाचं पुस्तक उघडलंय त्यावर. जागतिक नियम: दाखल रुग्ण घरी जाईपर्यंत निदान ‘शंका’ म्हणूनच राहिलं आणि पुढची काही माहिती नाही, तर ते खरं धरून कोड करा. अमेरिकेतही दाखल रुग्णाच्या डिस्चार्जवेळी तसंच. अमेरिकन ओपीडीत मात्र उलट: शंका कोड करायची नाही, लक्षण कोड करायचं. म्हणजे ओपीडीत ‘प्रोबेबल टीबी प्लुरसी’ आली की तिथे क्षय नाही, जे नक्की लिहिलंय तेवढंच.

प्रश्नचिन्हाबद्दल माझी तक्रार आहे. निदानाच्या आधी काढलेलं ‘?’ घाईत लिहिलेल्या दोनसारखं दिसतं. शब्दात लिहा ना, एक सेकंद लागतो.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला पाणी आहे. वेगळा कोड लावू का?

हृदय थकलं की दोन्ही बाजूंना थोडं पाणी होतंच, तो त्या आजाराचाच भाग. लघवीच्या गोळ्यांनी उतरतं. अमेरिकन कोडिंगमध्ये अशा वेळी पाण्याचा कोड वेगळा लावत नाहीत. पण त्या पाण्याची खास तपासणी झाली किंवा सुई घालून ते काढावं लागलं, तर जे ९१.८ जोडता येतो, हार्ट फेल्युअरच्या मागून. म्हणजे रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टात ‘माइल्ड बायलॅटरल इफ्यूजन’ दिसलं, एवढ्यावर कोड वाढवायचा नाही. टॅप झाला तर गोष्ट वेगळी.

न्युमोनियातलं पाणी आणि एम्पायमा यांत फरक कोण ठरवणार?

डॉक्टर. आपण नाही. टॅपच्या नोंदीत ‘टर्बिड’ लिहिलंय, रिपोर्टात पीएच ७.२ च्या खाली आणि साखर घसरलेली. शहाणा कोडर इथे ओळखतो की हे पुवाकडे चाललंय, पण लिहीत नाही, विचारतो. ‘एम्पायमा’ हा शब्द आला की जे ८६.९ आणि जंतूचं नाव असेल तर बी ९५ ते बी ९८ मधला जोडकोड. शब्द न येता छातीत नळी घातली, आठ दिवस पू निघाला आणि डिस्चार्जच्या समरीत लिहिलं ‘न्युमोनिया विथ इफ्यूजन’, तर इस्पितळाने केलेलं अर्धं काम कागदावर आलंच नाही. क्षयाच्या पुवाला जे ८६ नाही, तो क्षयातच जातो.

टॅपच्या नोंदीत काय काय असायला हवं?

एका फायलीत मला मिळालेली नोंद, शब्दशः:

‘टॅप केला. ८०० मिली. रुग्ण ठीक.’

कोणती बाजू? सोनोग्राफीवर जागा बघितली की नुसतं बोटांनी ठोकून? पाणी कसलं? कुठे पाठवलं? कोणी केला? त्याच फायलीत सिस्टरच्या नोंदवहीत अक्षर न् अक्षर होतं: ‘११.४० ला रुग्णाला बसवून, पुढच्या टेबलावर उशी देऊन, उजव्या बाजूला पाठीमागून टॅप. पिवळसर पाणी. ८०० मिलीला खोकला सुरू झाला म्हणून थांबवलं. तीन बाटल्या लॅबला. एक्स-रे सांगितला.’ रेकॉर्ड विभागात राहिलं की कळतं, इस्पितळाची खरी गोष्ट सिस्टरच्या वहीत असते. पण कोड लावायला ती पुरत नाही, निदान आणि प्रक्रिया डॉक्टरांच्या सहीखालीच हवी.

डॉक्टरांनी एवढं लिहिलं तरी पुरे: संमती घेतली, बाजू, कोणत्या बरगड्यांच्या मधून, सोनोग्राफी वापरली की नाही, किती मिली, रंग, तपासण्या, थांबवण्याचं कारण, नंतरचा एक्स-रे. तपासणीसाठी काढलं की धाप कमी करायला, हेही. अमेरिकन दाखल रुग्णांच्या प्रक्रियाकोडात उजवी पोकळी आणि डावी पोकळी यांची चिन्हं वेगळी आहेत आणि तपासणीसाठी असेल तर शेवटचं अक्षर एक्स होतं. ओपीडीच्या कोडांत सोनोग्राफीशिवाय टॅप ३२५५४, सोनोग्राफी बघत केला तर ३२५५५. नळी ठेवली तर त्याच हिशेबाने ३२५५६ आणि ३२५५७, आणि छातीला चिरा देऊन मोठी नळी घातली तर ३२५५१. सोनोग्राफीचा कोड हवा तर चित्र साठवलेलं आणि अहवालात लिहिलेलं हवं. ‘यूएसजी गायडेड’ हे दोन शब्द पुरत नाहीत.

एक जाता जाता. पाण्याबरोबर त्याच दिवशी रक्तातलं प्रोटीन आणि एलडीएच (एक एन्झाइम) पाठवायला विसरतात. पाणी सुजेचं आहे की नुसतं झिरपलेलं, हे ठरवायच्या १९७२ पासूनच्या लाइटच्या कसोट्या दोन्हींच्या गुणोत्तरावर चालतात: प्रोटीन ०.५ च्या वर किंवा एलडीएच ०.६ च्या वर असेल तर सुजेचं. रक्त पाठवलंच नाही तर गुणोत्तर काढणार कुठून?

उजवी-डावी बाजू लिहिली नाही तर कोड बदलतो का?

जे ९० ला बाजूच नाही, त्यामुळे निदानाचा कोड बदलत नाही. तरी लिहा. सुई बाजू विचारतेच.

रुग्ण खाणीवर कामाला होता. अस्बेस्टॉसचा कोड लावू का?

डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या फायलींत ‘खाणकामगार’ दिसला की नवी मुलं उत्साहाने जे ९२.० लावतात, म्हणजे अस्बेस्टॉसमुळे आवरणावर पडलेले चट्टे. आपल्या खाणी लोहखनिजाच्या. धूळ वेगळी, रोग वेगळा. सिलिकाच्या धुळीचा सिलिकोसिस जे ६२.८, लोखंडाच्या धुळीचा सिडरोसिस जे ६३.४. अस्बेस्टॉसचा संबंध जुन्या जहाजांच्या तोडणी-दुरुस्तीत किंवा इन्सुलेशनच्या कामात येऊ शकतो, पण तोही डॉक्टरांनी लिहिला तरच. म्हणून इतिहास घेताना ‘मायनिंग’ एवढ्यावर न थांबता काय काम, किती वर्षं, डंपरवर की क्रशरवर, असं विचारायला सांगा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा काम सुटलेली माणसं आता पन्नाशी-साठीत ओपीडीत येतात. पेपरवर त्यांचा व्यवसाय ‘काही नाही’.

डॉक्टरांना प्रश्न कसा विचारायचा? ते चिडतात.

चिडतात, कारण आपण ‘सर, टीबी लिहू का?’ असं विचारतो. हे दोन कारणांनी चूक. एक तर उत्तर आपणच त्यांच्या तोंडात घालतो. दुसरं, फाईल न वाचता विचारल्यासारखं दिसतं. मी अशी चिठ्ठी लावायचो:

‘डॉक्टर, १४ तारखेच्या एक्स-रेत उजवीकडे पाणी. १५ ला टॅप, ९०० मिली. पाण्यात लिम्फोसाइट ८८ टक्के, एडीए ७१, सीबीनॅट निगेटिव्ह. १७ पासून एकेटी. समरीत निदान ‘प्लुरसी’ एवढंच आहे. आपल्या मते पाण्याचं कारण नोंदवता येईल का? क्षयरोग / इतर जंतुसंसर्ग / अन्य (कृपया लिहावं) / सध्या सांगता येत नाही.’

पर्याय फाईलमध्ये ज्याला आधार आहे तेच द्यायचे. बिलावर काय फरक पडेल याचा शब्दही नको. आणि राउंड संपल्यावर, चहाच्या वेळी जायचं, ओटीच्या दारात नाही. नव्वद टक्के भांडणं वेळेची असतात.

उत्तर आलं की ते डॉक्टरांच्या हस्ताक्षरात, तारीख-वेळेसह समरीत जोडलं जायला हवं. जुनी ओळ खोडून त्यावर लिहायचं नाही. चिठ्ठीवरचं उत्तर चिठ्ठीवरच राहिलं आणि चिठ्ठी जुलैत ओल लागून फायलीच्या पुठ्ठ्याला चिकटली, असंही झालंय.

विम्याच्या आणि दीनदयाळच्या क्लेमला याने काय फरक पडतो?

विमा कंपनीच्या क्लेम फॉर्मचा ‘ब’ भाग इस्पितळ भरतं आणि त्यात आयसीडी-१० चे रकाने आहेत. तिथे मुख्य निदान आर ०९.१ आणि मुक्काम सहा दिवस, तर समोरचा विचारणारच की छाती दुखली म्हणून सहा दिवस कशाला? आमच्याकडच्या एका बाईंचा क्लेम असाच दीड महिना लटकला. टॅप झाला होता, ऑक्सिजन लागला होता, सगळं खरं होतं. समरीत मात्र ‘प्लुरसी, इंप्रूव्ह्ड’. त्यांचा मुलगा वास्कोहून तीनदा कागद घेऊन आला. शेवटी डॉक्टरांनी तारखेसह पुरवणी टीप दिली, तेव्हा पैसे सुटले.

गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख, त्याहून मोठ्याला ४ लाख अशी मर्यादा ठेवली होती. तिथे पॅकेज निवडावं लागतं, म्हणून कोडइतकंच महत्त्व प्रक्रियेच्या नोंदीला. नळी घातल्याचं पॅकेज आणि समरीत नळीचा उल्लेखच नाही, की फाईल परत.

रुग्ण कोकणी-मराठीत सांगतो, फाईल इंग्रजीत. काही हरवतं का?

हरवतं. पेडण्याची म्हातारी म्हणते, ‘हड्ड्यांत दुखता.’ कागदावर येतं ‘चेस्ट पेन’. छाती झाली, पण श्वासाबरोबर दुखतं का, कोणत्या कुशीवर झोपलं की बरं वाटतं, खांद्याला कळ जाते का, हे कोणी विचारलं तरच येतं. मध्यपटलाजवळची सूज खांद्यात दुखते, त्याची फाईल मग हाडांच्या डॉक्टरकडे फिरून येते. मराठीतली ‘उसण भरली’ तर सरळ ‘मसल स्पॅझम’ होते. माझं म्हणणं, तक्रारीची पहिली ओळ रुग्णाच्या शब्दांत, देवनागरीत लिहायला काय हरकत आहे? पुढे इंग्रजी आहेच.

मृत्यूच्या दाखल्यावर ‘प्लुरल इफ्यूजन’ चालेल?

मूळ कारण म्हणून नाही. इस्पितळातल्या मृत्यूसाठी नमुना ४ असतो. त्यात वरच्या ओळीत शेवटचं कारण आणि खालच्या ओळीत ते ज्यातून आलं ते. इफ्यूजन वर येऊ शकतं, पण त्याच्या खाली फुफ्फुसाचा कॅन्सर, क्षय, सिऱ्होसिस, जे असेल ते हवं. सगळ्यात खालची ओळ रिकामी ठेवून वर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिणं म्हणजे माणूस मेला म्हणून मेला.

आयसीडी-११ आलं ना? मग हे शिकून काय उपयोग?

१ जानेवारी २०२२ पासून ते जागतिक पातळीवर लागू आहे. तरी क्लेम फॉर्म आणि अमेरिकन काम अजून दहावरच चालतंय, आणि अमेरिकन दहा दर १ ऑक्टोबरला बदलतं, ते बघत जा.

गोव्यात राहून यात नोकरी मिळते?

मिळते. नर्सिंग, फार्मसी, लाइफ सायन्स केलेल्यांना सोपं जातं. मोठी केंद्रं हैदराबाद, चेन्नई, पुण्यात, पण घरून करणारे आपल्याकडेही आहेत. सीपीसी ही कोडरची अमेरिकन परीक्षा १०० प्रश्नांची, ४ तासांची, ७० टक्क्यांना पास. क्लासवाले ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणाले तर मागच्या बॅचच्या दोघांशी बोलून बघा.

माझ्या वडिलांच्या डिस्चार्जवर जे ९० आहे. घाबरायचं का?

कोडाला घाबरू नका, त्याच्याशेजारी कारण लिहिलंय का बघा. नसेल तर डॉक्टरांना विचारा की पाणी कशाचं होतं. आणि एक नक्की विचारा: कोणते रिपोर्ट यायचे बाकी आहेत? पाण्यातल्या पेशींचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो, क्षयाचं द्रव कल्चर निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे थांबावं लागतं. तोवर रुग्ण घरी, फाईल कपाटात. रिपोर्ट लॅबच्या खिडकीत पडून राहतो, कारण तो घ्यायला यायचं असतं हे कोणी सांगितलेलं नसतं. पॉझिटिव्ह आला तर ए १६.५ चा ए १५.६ होतो आणि औषध कोणतं लागू पडतं हेही त्यातूनच कळतं. फाईलची प्रत लेखी मागितली की ७२ तासांत द्यावी लागते. अर्जावर पोच घ्या आणि टॅपची तारीख लिहा, कारण लॅबवाला नावाने नाही, तारखेने शोधतो.